भिंगरीच्या पोटातली साखर

सोमवार, ९ फेब्रुवारी

आजपासून मी पुन्हा कामावर. पगार नाही, रजा नाही, आणि साहेब दीड वर्षाचा.

सूनबाई सकाळी चष्म्याच्या दुकानात गेली. ती तिथे लोकांचे नंबर तपासते. चिरंजीव जहाजावर, तो उन्हाळ्याआधी काही यायचा नाही. म्हणजे दिवसभर घरात मी आणि माझी नात. तिचं नाव चांगलं ठेवलंय, पण एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मधले काही महिने मात्र ती नुसती पडून असायची. वरचं अन्न सुरू केलं तेव्हापासून पोट बिघडलं ते बिघडलंच. फुगलेलं पोट, पाण्यासारखी शी, हातापायांच्या काड्या. सूनबाई रजेवर रजा घेत होती. आता रजा संपल्या आणि मी पुढे झालो. ती म्हणाली, "बाबा, जमेल ना?"

जमेल म्हणजे काय! हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत माझा जन्म गेला. मोठमोठ्या डॉक्टरांच्या कात्र्या मी उकळल्यात. पाळी संपली की चार ओळी लिहून ठेवायच्या ही सवयही तिथलीच. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, आता घडायला लागलं. देवाचे आभार, आणि सूनबाईचे त्याहून जास्त.

बुधवार, ११ फेब्रुवारी

भिंगरीच्या दुखण्याचं गणित आज शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं. म्हटलं, त्या निमित्ताने मलाही पक्कं होईल.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी नुसत्या भिंतीसारख्या उभ्या नसतात, कामं करतात. त्यांच्या टोकाशी एन्झाइम नावाची चीज असते. ती अन्नाचे बारीक तुकडे करते, मग ते तुकडे रक्तात जातात. साखर म्हणजे दोन कण एकमेकांना चिकटलेले. ते सुटे करणारं एन्झाइम भिंगरीच्या पेशी बनवतच नाहीत. जन्मापासूनच नाहीत. मग साखर तशीच पुढे जाते, मोठ्या आतड्यात आंबते, आणि पोरीच्या पोटाचा फुगा होतो. गेल्या महिन्यात तिला भूल देऊन नळीने आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा हे कळलं.

"म्हणजे साखर तोडायला कोणी नाही?" काकू म्हणाल्या.

"नव्हतं. आता बाटलीतून आणलंय."

ते औषध म्हणजे तेच एन्झाइम, बाहेर बनवलेलं. जेवणाच्या सुरुवातीला थोडं, मध्ये थोडं. फ्रीजमध्ये ठेवायचं, पाण्यात मिसळून द्यायचं. हे घेतलं की केळं, गाजर, असलं गोडसर तिला हळूहळू देता येईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रात्री जेवताना मनात आलं, इतकी वर्षं मी साखर खाल्ली, चहात तर चमच्यावर चमचे, आणि आतल्या पेशींना एकदाही धन्यवाद म्हटलं नाही. त्या बिचाऱ्या गुपचूप तोडत बसल्या. आज म्हटलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

माझी पद्धत बसली. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी आजारी पडलो तर दुसऱ्याला करता येईल.

आधी हात धुवायचे. चमचा, वाटी, औषध मोजायची पिचकारी उकळून घ्यायची. मग औषध काढायचं. फ्रीजमधून काढल्यावर ते इतकं गार असतं की माझेच दात शिवशिवतील, तर लेकराच्या पोटाचं काय होईल! म्हणून वाटीत औषध घेतो आणि वरून किटलीतलं उकळतं पाणी ओततो. वाफ निघाली की समाधान वाटतं. जंतूंचा प्रश्न मिटला, गारव्याचाही मिटला. मग फुंकून फुंकून कोमट करतो आणि पाजतो. भिंगरीसुद्धा ओठांचा चंबू करून फू फू करते. निम्मी थुंकी वाटीत, पण ती काय, घरचीच.

केळ्याचे चार तुकडे खाल्ले. तिला केळं इतकं आवडतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, जणू मी केळं शोधून काढलंय.

रविवार, १५ फेब्रुवारी

काल आणि परवा पोट पुन्हा बिघडलं. काल चार वेळा कपडे बदलले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की शरीराला सवय व्हायला वेळ लागेल.

आज सूनबाईला सुट्टी. रविवारी सगळं तीच करते, मला हातच लावू देत नाही. "बाबा, तुम्ही आठवडाभर दमता." अशी सून शोधून सापडायची नाही. तिने औषध पाजताना भिंगरीने वाटीवर फू फू केलं. सूनबाई हसली, "अगं, गारच आहे, फुंकतेस काय?" तिने केळं दिलं, गाजर दिलं, आणि दिवसभर पोरगी ठणठणीत. शेवटी आईचा हात तो आईचा हात. त्यात काय असतं ते कुठल्या प्रयोगशाळेत कळायचं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पूर्ण आठवडा वाईट. पोट ढोलासारखं. आज केळं पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहिली. भिंगरी पडून राहिली की मला धडकी भरते.

चांगल्या गोष्टी लिहितो. शेजारच्या काकू हल्ली रोज दुपारी जेवणाच्या वेळेला येतात. "सहज आले," म्हणतात. मला सोबत व्हावी म्हणूनच येत असणार. कामाला पण हलक्या नाहीत, आल्या आल्या स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा उघडून बघतात, भरला असेल तर रिकामा करून आणतात. मी नको नको म्हणतो तरी.

आणि सूनबाईने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. बिस्किटंही घरात दिसत नाहीत. माझ्या रक्तातली साखर मागे थोडी वाढली होती, ते तिच्या लक्षात राहिलं. तोंडाने बोलली नाही, पण केलं. बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्याला रंग दिल्यासारखा लागतो. तरी प्रेमाने केलेलं आहे म्हणून घोटघोट घेतो.

रविवार, २२ फेब्रुवारी

पुन्हा तेच. रविवार आला की भिंगरी बरी. सूनबाईने केळं कुस्करून दिलं, सगळं खाल्लं, संध्याकाळी सोफ्यावरून उड्या. मी म्हटलं, "बघ, तुझ्या हाताला गुण आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, "आजोबा काय काय देतात गं तुला?"

भिंगरी म्हणाली, "फू."

आम्ही दोघं हसलो. म्हणजे मी हसलो.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

ताप नाही, पण सोमवारपासून पोट थांबत नाही. वजन घरच्या काट्यावर कमी झालेलं दिसतंय. मी औषधाच्या बाबतीत आणखी कडक झालोय. पाणी आधी पाच मिनिटं खळखळू देतो, मग ओततो. कुठून तरी जंतू जातोय असा मला संशय आहे. हॉस्पिटलात आमच्या खोलीच्या मुख्य बाई म्हणायच्या, शंका आली की आणखी उकळा. त्यांच्या त्या वाक्याने किती पोटं वाचली असतील!

सोमवार, २ मार्च

हे लिहायचं मनात नव्हतं.

सकाळी तिघं दवाखान्यात गेलो. भिंगरीचं वजन औषध सुरू केलं तेव्हाच्या खाली गेलंय. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट बघत होत्या. म्हणाल्या, "औषधाचा काहीच उपयोग दिसत नाही. असं सहसा होत नाही. कदाचित आणखी एखादं एन्झाइम कमी असेल. पुन्हा भूल देऊन तुकडा काढावा लागेल. आणि ती इतकी अशक्त आहे की आधी दाखल करून नाकातून नळीने अन्न द्यावं लागेल."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. गेल्या खेपेला भूल उतरताना भिंगरीचा श्वास अडकला होता. आम्ही ते एकमेकांत कधी बोलत नाही. डॉक्टरीणबाईंनी दाखल व्हायला गुरुवारची तारीख दिली.

घरी आल्यावर भिंगरी झोपली. सूनबाई माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, रागावू नका. खरं सांगा. तुम्ही तिला गोड देता का? बिस्किट, गोळी, काहीतरी? तिने हट्ट केला म्हणून?"

"मी?"

"रविवारी ती बरी असते. सोमवारपासून बिघडते. दर आठवड्याला. मी काकूंनाही लक्ष ठेवायला सांगितलं. मला सांगायला लाज वाटते, पण सांगितलं."

मी म्हटलं, "तिची शपथ घेऊन सांगतो, तू सांगितलंस त्यापलीकडे कण दिला नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. पण ठीक नव्हतं. जरा वेळाने तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून पाळणाघरात जागा मिळतेय, तिथे नर्स असते.

मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. काकू, कचऱ्याचा डबा, साखरेला कुलूप, सगळं एकदम उलगडलं. राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. सूनबाई एवढे दिवस मनात ही धाकधूक घेऊन माझ्या हातात लेक सोडून जात होती, आणि तरी रोज निघताना मला "येते बाबा" म्हणत होती.

बुधवार, ४ मार्च

सूनबाई आज घरी होती. भिंगरीला तिने मला दिलं नाही, मीही मागितलं नाही.

मला एकच सुचत होतं, की औषधच निकामी निघालं असणार. बाटली बर्फाच्या पिशवीत घालून माझं जुनं हॉस्पिटल गाठलं. मागचा जिना अजून ओळख देतो. तिथल्या प्रयोगशाळेच्या बाईंनीच भिंगरीच्या आतड्याचा तुकडा तपासला होता. मी सांगितलं, "ताई, ही बाटली तपासून द्या. उद्या माझ्या नातीला दाखल करतायत, पुन्हा भूल द्यायची म्हणतात. औषध बाद असेल तर आजच कळू दे."

त्यांना कामं होती, तरी बसल्या. काचेच्या नळीत साखरेचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि थोडा वेळ थांबल्या. मग मधुमेहाच्या लोकांची ती लघवी तपासायची पट्टी असते ना, ती बुडवली. म्हणाल्या, "साधी साखर या पट्टीला दिसत नाही. ती तुटून ग्लुकोज सुटलं तरच रंग येतो." पट्टी हिरवीगार झाली.

"औषध उत्तम आहे, काका."

औषध चांगलं, मी गोड दिलं नाही, म्हणजे पोरीच्या आतड्यातच आणखी काही बिघडलंय. मी बाटली उचलून निघालो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. घरी कसं देता ते जरा करून दाखवा."

मला बरंच वाटलं. म्हटलं, निदान एका माणसाला तरी माझी स्वच्छता दिसेल. किटली मागितली. वाटी उकळली, चमचा उकळला, औषध मोजलं, आणि वरून खळखळतं पाणी ओतलं. वाफ निघाली.

त्यांनी वाटीतलं पाणी निवू दिलं, ते दुसऱ्या नळीत साखरेच्या पाण्यात ओतलं, पहिल्याइतकाच वेळ थांबल्या. पट्टी बुडवली आणि माझ्या हातात दिली.

पट्टी होती तशीच राहिली. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली, चष्मा पुसून बघितली.

"काका, तुमच्या कात्र्या पोलादाच्या होत्या," त्या म्हणाल्या. "उकळून त्यांची धार जात नव्हती. हे एन्झाइम प्रथिन आहे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. अंडं उकडल्यावर परत कच्चं होतं का?"

"रोज," मी म्हटलं. "रोज दोन-तीन वेळा मी तिला..."

म्हणजे मी पोरीला दर वेळी केळं खायला घालत होतो, आणि ते पचवणारं औषध आधी माझ्याच हाताने मारत होतो. सगळं प्रेमाने. फुंकून फुंकून.

बाईंनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "रडू नका. तिच्या पेशी धडधाकट आहेत. फक्त हे एक एन्झाइम त्या बनवत नाहीत, आणि ते बाटलीत आहे. यापेक्षा चांगली बातमी मी या खोलीतून क्वचितच देते." त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. उद्याचं दाखल होणं आणि भूल, दोन्ही पुढे ढकललं. आठवडाभर औषध नीट देऊन बघायचं ठरलं.

त्या बाईंना नमस्कार केला तर मागे सरकल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या. पण मी केलाच.

गुरुवार, ५ मार्च

काल घरी येऊन सूनबाईला सगळं सांगितलं. काहीही आडपडदा ठेवला नाही. उकळतं पाणी, वाफ, फुंकर, हिरवी पट्टी, कोरी पट्टी. शेवटी म्हटलं, "तुझा संशय खरा होता, बाळ. वस्तू फक्त दुसरी निघाली. पाळणाघराची जागा घालवू नकोस."

तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतेय. रडत होतीच, पण हसतही होती. "फू," ती म्हणाली. "बाबा, ती मला सांगत होती. फू! आणि मला वाटलं..."

"मलाही काय काय वाटलं. काकू मला सोबत द्यायला येतात असं वाटलं."

यावर ती इतकी हसली की भिंगरी उठून आली. मग एकदम थांबून म्हणाली, "मी तुम्हाला चोर ठरवलं."

"आणि मी औषध मारलं. तुझ्यामुळे कोणाच्या पोटात दुखलं नाही."

आज सकाळी ती दुकानात जायला निघाली. मी विचारलं, "पोरीला कोणाकडे सोडतेस?" तिने बाटली फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवली, शेजारी साध्या, निवलेल्या पाण्याचा पेला ठेवला. "तुम्ही द्या," म्हणाली. "मी बघत उभी राहणार नाही. उशीर होतोय." आणि खरंच गेली. मागे वळूनही बघितलं नाही.

गार औषध गार पाण्यात. इतकं सोपं की हे औषधच वाटेना. भिंगरीने सवयीने फू केलं, गटकन प्यायली आणि केळ्याकडे बोट केलं.

रविवार, ८ मार्च

शुक्रवारी शी थोडी नरम. शनिवारी एकदाच, आणि घट्ट. मी तो लंगोट काकूंना दाखवायला नेला. त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, हे काय दाखवायचं असतं?" पण बघितलं त्यांनीही, नीट वाकून.

आज सूनबाईची सुट्टी होती, पण ती उशिरापर्यंत झोपली. मी तिला उठवलं नाही. भिंगरीला सकाळचं औषध दिलं आणि आम्ही दोघांनी एक केळं वाटून खाल्लं. साखरेचा डबा ओट्यावर परत आलाय. चहात दोन चमचे घातले. आत माझ्या पेशी कामाला लागल्या असतील. त्या आयुष्यभर न मागता राबल्या, आणि माझ्या नातीच्या पेशींना जे जमत नाही ते कोणीतरी बाटलीत भरून ठेवलं. ज्यांनी केलं त्यांची नावं मला माहीत नाहीत. ते सुखी असोत.

सोमवार, ३० मार्च

भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेलो. गेल्या खेपेला काट्यावर गप्प पडून राहिलेली ती, आज धरून बसवायला तिघं लागली. वजन वाढलंय, आणि बऱ्यापैकी. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, ते मऊ आहे. पुन्हा भूल द्यायची गरज नाही, तुकडा काढायची गरज नाही. सूनबाईने डोळे मिटून घेतले. मला वाटतं मीसुद्धा.

मग त्या म्हणाल्या, आता आहार वाढवायचा, औषधाचं प्रमाणही वाढेल, कुठल्या खाण्याला किती ते जरा किचकट आहे, नीट समजून घ्यायला हवं. टेबलाजवळ एकच खुर्ची होती आणि तिच्यावर सूनबाई बसली होती. मी मागे भिंगरीचा एक मोजा घेऊन उभा होतो, दुसरा तिने कुठेतरी भिरकावला होता.

सूनबाई उठली. मोजा माझ्या हातातून घेतला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मला नको, डॉक्टर. यांना सांगा," ती म्हणाली. "औषध तिचे आजोबा देतात."

मी बसलो. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. कोणी कंटाळलं नाही.